परबकाकांच्या प्रभा

आमच्या समोरच्या दारातले परबकाका फक्त प्रभाची पुस्तकं वाचतात. कुण्या एका प्रभाची नव्हे. जिचं नाव प्रभा आहे आणि जिनं आयुष्यात एखादं तरी पुस्तक लिहिलं आहे, ती बाई काकांची लेखिका. आडनाव काही का असेना, विषय काही का असेना. त्यांच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर एक लांब फळी आहे. तिच्यावर शेळीपालनाच्या शेजारी उपवासाचे पदार्थ, त्यांना टेकून नववीची भूमिती, मग एक जाडजूड कादंबरी, लहान मुलांच्या दातांची निगा, साडेसातीवरचे उपाय, ब्लाउजचं कटिंग आणि कुणा बाईंनी स्वखर्चानं छापलेल्या कविता, अशी सगळी मंडळी गुण्यागोविंदानं राहतात. मी पहिल्यांदा ती फळी बघितली तेव्हा मला वाटलं, हे सगळं एकाच बाईनं लिहिलंय. म्हटलं, धन्य आहे हिची, हिला घरी कोणी काम सांगत नाही वाटतं.

आम्ही प्रभादेवीला राहतो हा निव्वळ योगायोग. पूर्वी इथे चाळ होती, आता तिथेच टॉवर उभा राहिलाय आणि चाळीतली माणसं लिफ्टनं वरखाली करतात. काका गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर औषधांच्या एका गोडाऊनमध्ये कारकुनी केली आणि आता निवृत्त आहेत. सडपातळ अंग, पांढरा बुशशर्ट, काखेत छत्री. जानेवारीतसुद्धा छत्री. सकाळी शिवाजी पार्कला फेरी मारायची आणि तिथून दादरच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळत बसायचं, हा त्यांचा नेम. कधी लालबागचे रद्दीवाले, कधी थेट गिरगाव. सगळे विक्रेते त्यांना ओळखतात. एकदा मी भाजी घेत होते आणि पलीकडून रद्दीवाला भर रस्त्यात ओरडला, “चाचा, आज भी प्रभा नहीं आयी!” काकांनी मान हलवली आणि निघाले. माझ्या बाजूला उभ्या असलेल्या बाई त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

प्रभा मिळाली की आमची बेल वाजते. मी हातातलं लाटणं घेऊन दार उघडते. काका उंबऱ्याबाहेर उभे, पुस्तक छातीशी धरलेलं. नमस्कार वगैरे काही नाही. चष्मा कपाळावरून खाली येतो आणि ते मोठ्यानं वाचतात, “लेखिका, प्रभा...” यातला ‘प्रभा’ आख्ख्या मजल्याला ऐकू जातो आणि आडनाव गोळी गिळल्यासारखं घशात जातं. मग स्वतःच्या घराकडे वळून तेच पुन्हा एकदा, जरा अधिक मोठ्यानं. आतून वैजयंतीकाकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज येतो, “आज कसली आणली?” काका सांगतात, “मधमाश्यांची.” काकू म्हणतात, “बरं. पाय धुऊन या.”

या छंदाचे नियम कडक आहेत. प्रभाकर नावाचे पुरुष लेखक मराठीत ढिगानं, पण काकांच्या फळीवर त्यांना जागा नाही. मी एकदा भोळेपणानं एक आणून दिलं तर म्हणाले, “ह्या प्रभावर कर बसलाय गो. आपल्याला नको.” सुप्रभा चालत नाही. “सु कशाला लावायला हवा? प्रभा काय वाईट होती?” प्रभावतीबद्दल त्यांनी बरेच दिवस विचार केला आणि शेवटी तिला खालच्या कप्प्यात, पाहुणी म्हणून जागा दिली. एक प्रभाबेन आहे. पुस्तक गुजराती, काकांना गुजरातीचं अक्षर येत नाही. तरीही ती वरच्या फळीवर. “बेन हा मान झाला,” असं त्यांचं म्हणणं. तिच्यातली चित्रं बघून ते पुस्तक लोणच्याचं आहे एवढं त्यांनी ओळखलंय.

खरा घोटाळा होतो तो आद्याक्षरांनी. आपल्याकडे लेखकाला नाव लपवायची भारी हौस. नुसतं ‘प्र. ना.’ लिहायचं आणि बसायचं. असंच एकदा कुस्तीवरचं एक जुनं पुस्तक काकांच्या हाती लागलं. प्र. म्हणजे प्रभाच, अशी त्यांनी स्वतःची समजूत घालून घेतली आणि पुढचे कितीतरी दिवस त्यांनी मला लिफ्टमध्ये गाठून गाठून त्या बाईचं कौतुक ऐकवलं. “काय बाई असेल गो! धोबीपछाड असा समजावलाय, वाचतानाच आपण आडवे होतो. त्या काळात, लुगडं नेसून!” मी लुगड्यातल्या धोबीपछाडचा विचार करत ऑफिसला जायची. मग काका एक दिवस गिरगावात त्या प्रकाशकाच्या जुन्या दुकानात चौकशीला गेले. परत आले ते थेट आमच्या दारात. चेहरा पडलेला. “प्रल्हाद निघाला,” म्हणाले. मी पाणी दिलं. ते पुस्तक त्यांनी त्याच दिवशी व्यायामशाळेला देऊन टाकलं. आपली फसवणूक झाली याचं दुःख कमी होतं, एका बाईला कुस्ती येत नाही याचं जास्त होतं.

प्रभानं लिहिलंय ते सगळं खरं, यावर काकांची श्रद्धा आहे. “आमची प्रभा काय खोटं सांगेल?” असं म्हणून ते वाचलेलं शेजाऱ्यांवर वापरतात. माझा नवरा पालेभाजीला तोंड लावत नाही हे मी एकदा त्यांच्यापाशी बोलून बसले. काका आत गेले, शेळीपालन घेऊन आले आणि गंभीरपणे वाचून दाखवलं की पाला कोवळा असावा, देताना बदलून बदलून द्यावा आणि खाताना अंगावर ओरडू नये. मला हसू आवरेना, पण त्या रात्री मी ओरडले नाही. नवऱ्यानं माठाची भाजी दोनदा मागून घेतली. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

त्या जाडजूड कादंबरीनं मात्र त्यांना छळलं. शेवटी नायिका विहिरीत जीव देते. काका दोन दिवस जेवले नाहीत धड. “प्रभानं असं करायला नको होतं,” एवढंच म्हणत राहिले. मग त्यांनी शेवटची पानं टाचणीनं एकत्र टोचून टाकली. आता ती कादंबरी लग्नापाशी संपते.

एवढं सगळं उघड्यावर चालू असताना बिल्डिंगमध्ये चर्चा होणार नाही तर काय. दहाव्या मजल्यावरच्या सामंतबाई या विषयातल्या जाणकार. त्यांच्या मते गिरणीच्या कॅन्टीनमध्ये प्रभा नावाची एक मुलगी होती, जातीवरून फिसकटलं, आणि हा माणूस अजून झुरतोय. “बिचारी वैजयंती! स्वतःच्या हातानं सवतीची फळी पुसते,” असं त्या लिफ्टमध्ये सातव्या मजल्यापर्यंत कुजबुजत आणि सहाव्याला काकू आत आल्या की “थंडी पडली नाही का?” म्हणत. सामंतबाईंचं मी मनावर घेत नाही. पण खरं सांगते, कॅन्टीनवाल्या प्रभाला मीही मनातल्या मनात एक चेहरा देऊन ठेवला होता.

मग एका रविवारी काकूंनी वरळी कोळीवाड्यातून कोलंबी आणली होती आणि आम्ही दोघी त्यांच्या ओट्यापाशी सोलत बसलो होतो. काका बाहेर गेलेले. मी धीर करून विचारलंच, “काकू, ही प्रभा कोण हो?”

काकूंनी कोलंबीचं डोकं मोडलं. “मी,” म्हणाल्या.

माझ्याकडे बघून काकूंना हसू आलं. “माहेरचं नाव गो. लग्नात बदललं. सासूबाईंना व-वरनं हवं होतं. ह्यांचं नाव विश्राम, म्हणून वैजयंती. तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहायचं असतं ना, तेव्हा ह्यांनी लिहिलं. आणि मी रडत होते.”

“साहजिक आहे,” मी म्हटलं.

“डोंबल साहजिक. नथ होती ती! मामीची चापाची नथ. चाप इतका आवळलेला की नाकाचा शेंडा बधिर झालेला. डोळ्यांतलं पाणी काय थांबेना. ह्यांनी ‘वैजयंती’ पुरं केलं आणि नेमका माझा एक थेंब त्या तांदळात पडला. ह्यांनी वर बघितलं. ह्यांना वाटलं, नाव गेलं म्हणून रडते.”

“मग सांगितलं नाहीत?”

“काय सांगणार? ह्यांनी विचारलंच नाय कधी. एका खोलीत सासू, दीर, दोन नणंदा. मला काय माहीत हे मनाला लावून बसलेत. सासूबाई गेल्या, त्यानंतर एक दिवस ते ब्लाउजच्या कटिंगचं पुस्तक घेऊन आले. माझ्या हातात दिलं. म्हणाले, ‘घे. तुझं नाव. आईनं काढून घेतलं, मी दुसरं लिहून टाकलं. तेवढं परत आणलंय.’ आणि मेधा, ह्यांच्या डोळ्यांत पाणी गो. आता त्या माणसाला कसं सांगू, की अहो, ती नथ होती?”

मी इतकी हसले की सोललेली कोलंबी पुन्हा सालांत पडली. काकूही पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसता हसता मी म्हटलं, “जाऊ दे, नाव तरी परत मिळालं ना तुम्हाला.”

त्यावर काकूंचं हसणं थांबलं. “माका नाय आवडत ता नाव,” त्या मालवणीवर आल्या. मग हळूहळू सांगत गेल्या. शाळेत दोन प्रभा होत्या. एक गोरी, एक या. मास्तर हजेरी घेताना ‘काळी प्रभा’ म्हणायचे आणि सगळा वर्ग तेच म्हणायचा. घरीदारी तेच पडलं. लाडानंसुद्धा तेच. “नाव बदललं तेव्हा मी सुटले गो. वैजयंती! नटीचं नाव वाटलं मला. आणि आता टीव्ही बघायला मान वर केली की तीच आपली. फळीभर.”

“मग सांगा त्यांना. बंद करा म्हणावं.”

“उन्हातनं हिंडून आणतो तो माणूस,” काकू म्हणाल्या. “आणलं की चेहरा बघितलायस त्यांचा?” बघितला होता.

“हाक मारतात का तुम्हाला प्रभा म्हणून?”

“नाय. नुसतं आणतात. जीभ वळत नाय त्यांची. ‘ऐकलंस काय’च्या पुढे गाडी गेलीच नाय कधी. पण एक दिवस मारतील. माका भीती वाटता ती त्याचीच.” त्यांनी हातातली कोलंबी खाली ठेवली. “इतक्या वर्षांनी हाक मारतील आणि माझं तोंड वाकडं झालं, तर? तेंका सगळां कळात. कोणाक सांगशीत नाय मा?”

मी शपथ घेतली आणि तिथेच फसले. कारण पुढच्याच आठवड्यात काका मला पार्काच्या कट्ट्यावर भेटले आणि छत्रीच्या टोकानं मातीत रेघा मारत म्हणाले, “मेधा, तू नवऱ्याला नावानं हाक मारतेस. पहिल्यांदा कशी मारलीस?”

“मारली. त्यात काय?”

“त्यात काय,” काकांनी माझेच शब्द निराशेनं परत केले. “मला हिला एकदा तिच्या नावानं हाक मारायचीय गो. पुस्तकावरचं वाचतो ते जमतं. हिच्याकडे बघून नाही जमत. घसा बंदच होतो. तिला किती बरं वाटेल, नाही?”

इकडे काकू हाक येईल म्हणून धास्तावलेल्या, तिकडे काका हाक येत नाही म्हणून झुरणारे, आणि मधे मी, दोन्हीकडचं ऐकून तोंडाला कुलूप लावलेली. “वाटेल ना,” म्हटलं आणि उठले. स्वतःचाच राग आला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या सोसायटीत दरवर्षी बायका नाव घेतात. यंदा सामंतबाईंनी फतवा काढला की पुरुषांनीही यायचं आणि उखाण्यात बायकोचं नाव घ्यायचं. झालं. काकांना हीच संधी वाटली. चार दिवस ते पॅसेजमध्ये पुटपुटत फिरत होते. शेवटी उखाणा पक्का झाला आणि तपासायला माझ्याकडे आला.

“गिरणीचा भोंगा थांबला, टॉवर राहिला उभा,
इतकी वर्षं मनात होती, आता ओठांवर प्रभा.”

काही म्हणा, उखाणा झकास होता. यमकसुद्धा जुळलं होतं. मी “छान आहे” म्हटलं. शंभर माणसांसमोर, सामंतबाईंच्या डोळ्यांदेखत, काकूंच्या चेहऱ्याचं काय होईल? काकूंना आधी सांगावं तर काकांचा घात, न सांगावं तर काकूंचा. मी सांगितलं नाही. उलट त्या दिवशी काकूंच्या शेजारी खुर्ची पकडून बसले. काय करणार होते कोण जाणे.

काकांचा नंबर आला. ते उठले, बुशशर्ट खाली ओढला, माईक छत्रीसारखा काखेत धरायला गेले आणि मग तोंडापाशी आणला. “गिरणीचा भोंगा थांबला, टॉवर राहिला उभा...” हॉलमध्ये वा वा झालं. काकू शेजारी ताठ झाल्या. त्यांना कळलं. उभाला यमक काय जुळणार ते त्यांना लगेच कळलं. त्यांनी माझा हात पकडला.

“इतकी वर्षं मनात होती...” काका म्हणाले. आणि थांबले. त्यांनी काकूंकडे बघितलं. तोंड उघडं, आवाज नाही. कोणीतरी मागून म्हणालं, “काका, नाव!” “आता... आता आमची ही,” ते म्हणाले आणि बसले.

हशा झाला, टाळ्या पडल्या. सामंतबाई “यमक चुकलं हो!” म्हणाल्या. काकूंनी माझा हात सोडला आणि दीर्घ श्वास घेतला. मीही घेतला. सुटलो म्हणायचं की काय ते कळेना, कारण पलीकडे काका खुर्चीत मान खाली घालून बसले होते, आणि त्यांच्याकडे बघवत नव्हतं. तिळगूळ वाटला, वाण वाटलं. काकांनी आपला तिळगूळ मुठीतच धरून ठेवला. काकूंनी दोनदा वळून त्यांच्याकडे बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं आणि वाणाची पिशवी उचलून “चल गो वर,” म्हणाल्या. हॉलमधून बाहेर आलो. मी पुढे होऊन लिफ्टमध्ये शिरले आणि दार धरून उभी राहिले. काकू माझ्यामागून येत होत्या, तोंड माझ्याकडे. त्यांच्या बऱ्याच मागे, हॉलच्या दारात, काका.

“प्रभा!”

पुस्तक वाचताना लागतो तो आवाज नव्हता. बारीक, जरा चिरका, आणि शेवटी वर गेलेला. काकू जागच्या जागी थबकल्या. त्यांची पाठ काकांकडे होती. त्यांचा चेहरा मला एकटीला दिसत होता आणि मला दुसरीकडे बघावंसं वाटत होतं. मी बघितलं. तो वाकडा झाला नाही. आधी नुसताच रिकामा झाला, आपलं नाव कोण घेतंय हे कळायला वेळ लागावा तसा. मग नाकपुड्या थरथरल्या, डोळे भरून आले, आणि या वेळी नाकात नथ नव्हती.

“ओ,” काकू म्हणाल्या.

मग वळल्या. काका तिथेच उभे, हात लोंबकळत, आता पुढे काय करायचं ते माहीत नसल्यासारखे. “काय हो?” काकूंनी विचारलं.

“काय नाय,” काका म्हणाले. “असंच मारली हाक.”

लिफ्टचं दार माझ्या हातावर आपटत होतं. मी ते सोडून दिलं.

“असंच ना?” काकू म्हणाल्या. “मग परत मारा.”